मुलांचा खाऊ कुणाच्या हाती?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या मुहूर्तावर, वस्तू आणि सेवा कराचे नवे दर देशभर लागू झाले. सर्वसामान्य गृहिणीला दिलासा देणारा हा निर्णय होता आणि त्याचे स्वागत झाले ते योग्यच झाले. तूप स्वस्त झाले, सुका मेवा स्वस्त झाला, वेष्टनबंद पनीरवरील कर तर पूर्णपणे उठला. परंतु त्याच यादीत आणखी काही नावे होती आणि त्यांच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. बिस्किटे, चॉकलेट, झटपट शिजणाऱ्या शेवया, मक्याचे पोहे, वेष्टनबंद फरसाण यांवरील १२ किंवा १८ टक्के करही थेट ५ टक्क्यांवर आला. साखरयुक्त शीतपेयांवर मात्र ४० टक्क्यांचा बोजा कायम राहिला. म्हणजे बाटलीतली साखर ही व्यसनाच्या पंक्तीत बसली आणि पुड्यातली साखर तुपाच्या पंक्तीत!

ही विसंगती केवळ कररचनेतली असती तर ती अर्थतज्ज्ञांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु तिचे मूळ आपल्या मनात आहे. शाळेच्या डब्यात, मधल्या सुट्टीत, संध्याकाळी खेळून आल्यावर, प्रवासात, वाढदिवसाला मुलाच्या हातात पुडा देणे यात काही गैर आहे असे आपल्याला वाटेनासे झाले आहे. आपल्या भाषेतल्या ‘खाऊ’ या गोड शब्दाचा अर्थ एका पिढीत बदलला. पूर्वी खाऊ केला जाई, आता खाऊ आणला जातो. या क्रियापदाच्या बदलात एका संस्कृतीची पीछेहाट लपलेली आहे. तिच्याविषयी स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे, आणि आपल्याच घरातील त्रुटींविषयीही.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) निष्कर्ष पाहावेत. महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. सहा महिने ते पाच वर्षे या वयोगटातील ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. आधीच्या फेरीत हेच प्रमाण ५३.८ टक्के होते. प्रगत, पुरोगामी आणि औद्योगिक म्हणून मिरवणाऱ्या राज्याची ही स्थिती आहे. हे सगळे केवळ दुर्गम पाड्यांवरचे चित्र आहे अशी समजूत कुणी करून घेऊ नये. दर तीन मुलांमागे दोन मुलांना जो विकार असतो, तो आपल्या सोसायटीत, आपल्या शाखेत आणि आपल्या घरातही असतो.

याची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. २०१६ ते १८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शाळकरी आणि किशोरवयीन मुलांपैकी सुमारे दहा टक्के मुले मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे आढळले. युनिसेफने २०२५ मध्ये जाहीर केले की जगातील ५ ते १९ वयोगटात लठ्ठ मुलांचे प्रमाण कमी वजनाच्या मुलांहून प्रथमच अधिक झाले आहे. एकीकडे रक्त कमी आणि दुसरीकडे चरबी जास्त, असे हे विचित्र दुहेरी कुपोषण आहे. पोट भरते पण शरीर उपाशी राहते. पुड्यातल्या खाऊचे वर्णन करायचे तर याहून नेमके शब्द सापडणार नाहीत.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना ‘साखर फलक’ लावण्याची सूचना केली. त्या परिपत्रकात नमूद केले होते की ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या दैनंदिन उष्मांकांपैकी १३ टक्के आणि ११ ते १८ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत १५ टक्के उष्मांक साखरेतून येतात. असावेत ते ५ टक्के. म्हणजे आपण मुलांना शिफारशीच्या अडीच ते तीन पट साखर खाऊ घालत आहोत, आणि तीही लाडाने.

आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० उष्मांक लागतात. त्याच्या पाच टक्के म्हणजे सुमारे २१ ग्रॅम साखर, चार-पाच चहाचे चमचे. आता हिशेब करावा. साध्या ग्लुकोज बिस्किटांत वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा साखर असते. सकाळी दुधात घातलेली चॉकलेटी पूड, डब्यात बिस्किटे आणि संध्याकाळी वेष्टनबंद फळांचा रस एवढे झाले की दिवसाची मर्यादा कितीतरी मागे पडते. यात मिठाईचा एकही तुकडा नाही आणि आईवडिलांना आपण मुलाला ‘गोड’ काही दिले असे वाटतही नाही.

शक्तिवर्धनाचा बाजार

ही समजूत आपोआप झालेली नाही, ती घडवली गेली आहे. उंची वाढेल, बुद्धी तल्लख होईल, मुलगा धावण्याच्या शर्यतीत पहिला येईल, अशी आश्वासने दूरचित्रवाणीवरून अहोरात्र देऊन दोन पिढ्यांच्या मनावर हे बिंबवले गेले, की नुसते दूध अपुरे आहे आणि त्यात काहीतरी तपकिरी मिसळल्याशिवाय ते मुलाच्या अंगी लागत नाही. गाईच्या दुधाला पूर्णान्न मानणाऱ्या समाजाने हे निमूटपणे स्वीकारावे, यापरते आश्चर्य कोणते?

एप्रिल २०२३ मध्ये एका तरुणाने समाजमाध्यमावर बोर्नव्हिटातील साखरेकडे लक्ष वेधले. कंपनीने त्याला कायदेशीर नोटीस धाडली आणि त्याला आपली चित्रफीत मागे घ्यावी लागली. पण तोवर ती लाखो घरांत पोहोचली होती. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने खुलासा मागवला आणि त्या वर्षाच्या अखेरीस त्या उत्पादनातील साखर कमी झाली. पुढे एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना कळवले की अशी पेये ‘आरोग्य पेय’ या वर्गात दाखवू नयेत, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘आरोग्य पेय’ अशी व्याख्याच नाही. ज्या नावाखाली अनेक दशके व्यापार झाला, त्या नावाला कायद्याचा आधारच नव्हता! त्यानंतर दोनच महिन्यांनी फळांच्या रसाच्या वेष्टनावरील ‘शंभर टक्के रस’ हा दावाही काढून टाकण्याचा आदेश अन्नसुरक्षा प्राधिकरणाला द्यावा लागला.

त्याच एप्रिल महिन्यात स्वित्झर्लंडमधील ‘पब्लिक आय’ या संस्थेने आणखी एक गोष्ट उघड केली. नेस्ले कंपनीच्या भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅक या बालआहारात एका वेळच्या खाण्यामागे सरासरी सुमारे तीन ग्रॅम साखर घातलेली आढळली. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या तशाच उत्पादनात वरून घातलेली साखर नव्हती. कंपनीने उत्तर दिले की आम्ही भारतातील नियमांचे पालन करतो आणि गेल्या काही वर्षांत साखर कमीही केली आहे. हे उत्तर खोटे नाही, पण ते समाधान करणारेही नाही. युरोपातल्या बाळासाठी एक न्याय आणि भारतातल्या बाळासाठी दुसरा, हा भेद नियमांच्या आड लपवता येतो एवढेच त्यातून सिद्ध होते. दोष मग नियमांचाही आहे, आणि नियम आपले आहेत.

इतिहासात हे पहिल्यांदा घडत नाही. १९३७ च्या सुमारास डालड्याचा पिवळा डबा आपल्या स्वयंपाकघरात आला, तेव्हाही तुपाइतकेच चांगले पण स्वस्त असाच त्याचा प्रचार झाला. घट्ट वनस्पती तुपातील ट्रान्स मेद हृदयाला घातक असतात हे विज्ञानाने सांगितले आणि जानेवारी २०२२ पासून त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत आणण्याचे बंधन आले. या शहाणपणाला आपल्याला आठ दशके लागली. आजच्या पुड्यांच्या बाबतीत तेवढी वाट पाहण्याची चैन आपल्याला परवडणारी आहे काय?

स्वदेशीची छापील चिठ्ठी

येथवर वाचून अनेक वाचक संतोषाने मान डोलावतील. बहुराष्ट्रीय कंपन्यांवर टीका आपल्याला आवडते आणि ती करण्याची सवयही आहे. परंतु प्रश्नाचा अवघड भाग यापुढे आहे.

पुड्यावर परदेशी नावाऐवजी संस्कृत नाव छापले, कोपऱ्यात तिरंगी पट्टी काढली, की आतला मैदा पौष्टिक होतो का? साखरेला राष्ट्रीयत्व असते का? देशी कंपनीच्या बिस्किटातही मैदा, साखर आणि पामतेल असते, देशी शेवयांच्या पुडीतही तेवढेच मीठ असते. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो आणि त्यात मोठा वाटा इंडोनेशिया व मलेशियातून येणाऱ्या पामतेलाचा असतो. तेव्हा त्या तेलात तळलेले वेफर्स एखाद्या भारतीय उद्योगपतीने विकले म्हणून स्वदेशी ठरतात, असे मानणे ही स्वतःची फसवणूक आहे. करडईच्या, शेंगदाण्याच्या, तिळाच्या घाण्या ज्या गावांतून बंद पडल्या, त्या गावांना विचारावे स्वदेशी कशाला म्हणतात ते.

उलट, जे बाहेरून आले ते सारे परकीय, हेही खरे नाही. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, मिरची आणि मकाही अमेरिका खंडांतूनच आले. पण आपल्या शेतकऱ्याने शेंगदाणा आपल्या मातीत रुजवला, आपल्या गृहिणीने त्याचे कूट केले, चटणी केली, गुळाच्या पाकात घालून चिक्की केली. तो आपला झाला. याउलट उपवासाचा साबुदाणा! तोही दक्षिण अमेरिकेतल्याच कंदापासून होतो, त्यात पिष्टाशिवाय फारसे काही नाही, आणि तरी आपण त्याला सात्त्विकतेचे प्रमाणपत्र देऊन टाकले. त्याच उपवासाला चालणारा राजगिरा प्रथिने, लोह आणि कॅल्शियम यांनी समृद्ध असूनही मागे पडला. म्हणजे परंपरेच्या नावाने आपण जे जपतो तेही डोळे उघडे ठेवूनच जपावे लागते.

स्वदेशीची खरी कसोटी मालकाच्या आडनावात नाही. पदार्थात काय आहे हे खाणाऱ्याला ठाऊक आहे का, तो बनवण्याचे ज्ञान समाजाच्या हाती आहे का, आणि त्यासाठी दिलेला पैसा आपल्या शेतकऱ्यापर्यंत आणि बचत गटातल्या भगिनींपर्यंत पोहोचतो का, हे तीन प्रश्न विचारावेत. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत दिलेल्या व्याख्यानांत एकात्म मानवदर्शन मांडले. अर्थ हा पुरुषार्थ आहे, पण तो धर्माच्या मर्यादेत असावा, हे त्याचे एक सूत्र आहे. लहान मुलाच्या जिभेला चटक लावून मिळवलेला नफा या मर्यादेत बसत नाही, मग तो मुंबईतल्या कंपनीचा असो वा लंडनमधल्या.

मुलाला हवे तरी काय?

वाढत्या मुलाचे पोट लहान आणि गरज मोठी असते. त्यामुळे दोन जेवणांच्या मध्ये त्याला काही लागते, हे आपल्या आजीला शास्त्र न वाचताही ठाऊक होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला रोज सुमारे २३ ग्रॅम प्रथिने, ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १५ मिलिग्रॅम लोह हवे. दहा ते बारा या वयात मुलीची लोहाची गरज २८ मिलिग्रॅमपर्यंत जाते, त्याच वयाच्या मुलाला १६ पुरतात. हा फरक प्रत्येक घराने लक्षात ठेवावा. देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. मातृशक्तीचा गौरव व्यासपीठावरून करताना घरातल्या मुलीच्या ताटलीत आणि डब्यात भावापेक्षा कमी पडत नाही ना, हे पाहणे हाच त्या गौरवाचा आरंभ आहे.

ही गरज भागवणारे पदार्थ शोधण्यासाठी परदेशी आहारतज्ज्ञांची पुस्तके चाळावी लागत नाहीत. आपल्याच भूगोलाचा आणि आपल्याच पंचांगाचा फेरफटका पुरे.

शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दूध न आवडणाऱ्या मुलासाठी नाचणीची आंबील, कोकणातले घावन, गोव्यातले तिजाण, गूळ घातलेले नाचणीचे लाडू हे उत्तम पर्याय आहेत. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. मूठभर शेंगदाणे आणि तेवढेच फुटाणे यांतून सात-आठ वर्षांच्या मुलाची दिवसाच्या प्रथिनांची निम्मी गरज भागते. (चार-पाच वर्षांखालील मुलांना मात्र अख्खे दाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी कूट करावे.) मोड आलेल्या मटकीची उसळ, तिच्यावर पिळलेले लिंबू. लिंबातले क जीवनसत्त्व डाळी-कडधान्यांतले लोह शोषून घ्यायला मदत करते. आपल्या पोह्यांवर लिंबाची फोड का ठेवली जाते, याचे उत्तर चवीपुरते नाही. आणि याच कारणाने मुलांना जेवणासोबत किंवा खाण्यासोबत चहा देऊ नये. चहा लोहाच्या शोषणात अडथळा आणतो. चहात बुडवलेले बिस्कीट हा महाराष्ट्रातल्या असंख्य घरांतला लहान मुलांचा पहिला आहार आहे, हे दुर्दैव येथे नोंदवलेच पाहिजे.

प्रांतोप्रांतीचा ठेवा पाहावा. मराठवाड्याचे धपाटे, पश्चिम महाराष्ट्रातले हुलग्याचे शेंगोळे, खानदेशातली कळण्याची भाकरी, विदर्भातल्या ज्वारीच्या लाह्या, घरोघरची थालिपिठाची भाजणी आणि मेतकूट, सातूचे पीठ. भाजणीत तीन-चार धान्ये आणि दोन-तीन डाळी एकत्र येतात. धान्यात ज्या प्रथिन-घटकाची उणीव असते ती डाळ भरून काढते, हे आहारशास्त्राने नंतर सांगितले. आपल्याकडे जाते फिरत होते तेव्हापासून ते चालत आले.

सणांचे खाद्य पाहावे. नागपंचमीच्या लाह्या, गोकुळाष्टमीचा दही-पोह्यांचा काला, गणपतीपुढची खोबरे-खारीक-खसखशीची खिरापत, भोंडल्यात मुलींनी ओळखायची खिरापत, संक्रांतीचा तिळगूळ. शंभर ग्रॅम तिळात कॅल्शियम हजार मिलिग्रॅमहून अधिक असते. थंडीत तीळ, पावसाळ्यात लाह्या, उन्हाळ्यात सातू आणि कोकम, असे ऋतुमान सांभाळणारे वेळापत्रक आपल्या पूर्वजांनी धर्माच्या धाग्यात ओवून ठेवले. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे सात्त्विक, राजस, तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत आणि शिळे, रसहीन अन्न तामस ठरवले आहे. सहा-सहा महिने पुड्यात टिकावे म्हणून घडवलेले अन्न कोणत्या वर्गात बसेल, हे सांगायला भाष्यकाराची गरज नाही.

अर्थात भाबडेपणाही नको. गूळ साखरेपेक्षा बरा असला तरी तो गोडच आहे, लाडू पौष्टिक असला तरी तो एक किंवा दोनच द्यायचा असतो. दिवाळीची चकली आणि शेव वर्षभर डब्यात आली तर ती घरची असूनही तळलेलीच राहते. पुड्याला विरोध म्हणजे कढईला मुभा नव्हे. २३ फेब्रुवारी २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी घरातल्या तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले, ते घरच्या स्वयंपाकालाच उद्देशून होते.

आक्षेपांना उत्तरे

पहिला आक्षेप वेळेचा. आई नोकरी करते, खाऊ करायला वेळ कुठे आहे? या प्रश्नाला ‘आईने घरी बसावे’ असे उत्तर देणारे आपल्यातही काही आहेत. ते उत्तर चूक आहे आणि अन्यायकारकही. मूल दोघांचे आहे, डबाही दोघांचा असावा. रविवारी सकाळी वडिलांनी दाणे भाजले, आजोबांनी सोलले, मुलांनी राजगिऱ्याच्या लाह्या गुळाच्या पाकात कालवल्या, तर आठवड्याचा खाऊ तासाभरात होतो. केळे, पेरू, उकडलेले रताळे, उकडलेल्या शेंगा, काकडी यांना तर पाककृतीच लागत नाही. कुटुंब प्रबोधनाचा अर्थ एकत्र बसून भाषण ऐकणे एवढाच नसतो. एकत्र लाडू वळणे हेही कुटुंब प्रबोधनच आहे.

दुसरा आक्षेप पैशांचा. दहा रुपयांच्या वेफर्सच्या पुडीत वीस-पंचवीस ग्रॅम माल असतो. म्हणजे किलोला चारशे रुपये, किंवा त्याहून अधिक. तेवढ्या पैशांत किलोभर शेंगदाणे आणि किलोभर फुटाणे येतात आणि वर बटाटेही उरतात. गरिबाच्या मुलाच्या हातातली पुडी ही स्वस्ताई नसून महागाईच आहे, फक्त ती पाच-दहा रुपयांच्या तुकड्यांत विभागून विकली जाते.

तिसरा आक्षेप, मुले खातच नाहीत. वर्गातल्या चाळीस डब्यांपैकी पस्तीस डब्यांत शेवया असतील तर उरलेल्या पाच जणांना आपले थालीपीठ लपवावेसे वाटणारच. हा चवीचा प्रश्न नाही, प्रतिष्ठेचा आहे. तो एका घराने सुटत नाही. तो वर्गाने, सोसायटीने, शाखेने मिळून सोडवावा लागतो.

चौथा आक्षेप रोजगाराचा. पुड्यांचा उद्योग हजारोंना काम देतो हे खरे. पण चिक्की, लाडू, भाजणी, लाह्या, सत्त्व यांचा उद्योगही काम देतो, आणि तो गावोगावच्या महिलांना देतो. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि ७२ देशांनी त्या प्रस्तावाला पाठिंबा दिला. जगाला ज्वारी-बाजरी-नाचणीचे महत्त्व पटवणाऱ्या देशाच्या शाळांतून नाचणीचा लाडू दिसू नये, ही गोष्ट आपल्याला शोभणारी नाही.

शासनाकडे काय मागावे?

सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून प्रश्न विचारू नयेत, अशी शिकवण आपल्याला कुणी दिलेली नाही. स्वदेशीच्या आग्रहासाठी आपले कार्यकर्ते आपल्याच सरकारांशी यापूर्वीही निर्भीडपणे बोलले आहेत.

केंद्र सरकारच्याच २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालाने अतिप्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांबद्दल गंभीर इशारा दिला आणि वेष्टनाच्या दर्शनी भागावरील माहितीचा आग्रह धरला. तरी त्याच वर्षी बिस्किटे आणि शेवयांवरील कर उतरला. तेव्हा पहिली मागणी अशी की ज्या पदार्थांत साखर, मीठ वा चरबी मर्यादेबाहेर आहे, त्यांना करसवलतीतून वगळावे आणि फुटाणे, चिक्की, राजगिरा लाडू, नाचणी सत्त्व यांना सवलत द्यावी.

दुसरी मागणी वेष्टनाची. चिली या लहानशा देशाने २०१६ पासून पुड्यांच्या दर्शनी भागावर काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले. साक्षर-निरक्षर कुणालाही ते कळतात. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये मसुदा काढला तो मात्र तारांकनाचा. तारा हे शाबासकीचे चिन्ह आहे. धोक्याच्या वस्तूला एक तारा दिला तरी ती शाबासकीच ठरते. आपल्याला शाबासकी नको, स्पष्ट इशारा हवा. आणि तो लंडनच्या कंपनीला तसाच गल्लीतल्या स्वदेशी कंपनीलाही लागू व्हावा.

तिसरी मागणी नवी नाहीच. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ विकण्यास मनाई केली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत अतिसाखर, अतिमीठ, अतिचरबीच्या पदार्थांची विक्री व जाहिरात रोखली. कायदा आहे, अंमलबजावणी नाही. आपल्या मुलाच्या शाळेच्या फाटकावर उभे राहून पन्नास पावले मोजावीत. काय काय दिसते ते कागदावर लिहून मुख्याध्यापकांना आणि अन्न व औषध प्रशासनाला द्यावे. नागरी कर्तव्याचे याहून सोपे उदाहरण सापडणार नाही.

आपल्यापासून आरंभ

मागण्या करताना आपल्या अंगणाकडेही पाहावे. आपले उत्सव, बाल शिबिरे, सहली, बक्षीस समारंभ यांत मुलांच्या हातावर काय ठेवले जाते? सोयीचे म्हणून बिस्किटांचे खोके येते आणि त्यासोबत रसाची छोटी डबी. भोजनमंत्र म्हणून झाल्यावर समोर मैदा ठेवायचा, यात मंत्राचाही मान राहत नाही आणि मुलाचाही. शिबिरासाठी घराघरांतून शिदोरी गोळा करण्याची आपली जुनी पद्धत होती. कुणाची भाकरी, कुणाची चटणी, कुणाच्या शेंगदाण्याच्या पोळ्या. कोणती शिदोरी कोणत्या घरची हे न विचारता सारे एका पंगतीत जेवत. त्यात पोषण होते, स्वदेशी होती आणि समरसता तर न सांगता होती. शाळेच्या मधल्या सुट्टीत एकमेकांच्या डब्यातला घास खाणारे मूल हाच धडा गिरवत असते. सर्वांच्या हाती एकसारखी पुडी आली की वाटून खाण्यासारखे काही उरतच नाही.

संघाच्या शताब्दीनिमित्त समाजापुढे पंचपरिवर्तनाचे सूत्र ठेवले गेले: सामाजिक समरसता, कुटुंब प्रबोधन, पर्यावरण, ‘स्व’ आधारित जीवनशैली आणि नागरी कर्तव्य. हे पाचही विषय मुलाच्या एका डब्यात मावतात. वाटून खाल्लेला घास समरसतेचा, मिळून वळलेला लाडू कुटुंबाचा, प्लॅस्टिकचे वेष्टन नसलेला खाऊ पर्यावरणाचा, आपल्या शेतातली नाचणी ‘स्व’ची आणि शाळेच्या फाटकावरची दक्षता नागरिकाची. मोठ्या शब्दांची भीती वाटणाऱ्या कार्यकर्त्याने एवढ्या लहान कामापासून सुरुवात करावी.

येत्या वर्षप्रतिपदेची वाट पाहण्याचे कारण नाही. या सोमवारपासून प्रत्येक कुटुंबाने आठवड्यातील पाच शालेय दिवस पुडा न उघडण्याचा संकल्प करावा. प्रत्येक शाखेने, प्रत्येक बालवर्गाने, प्रत्येक उत्सव समितीने मुलांच्या खाऊतून बिस्किटांचे खोके वगळावे आणि ते काम जवळच्या बचत गटाला द्यावे. शाळांच्या पालक-शिक्षक संघांत जाऊन बसावे आणि डब्याचा विषय काढावा. कुणी हसेल. हसू द्यावे. विदेशी कापड टाकणाऱ्यांनाही कुणीतरी हसलेच होते.

बलशाली राष्ट्राच्या गप्पा मारणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की ते बळ आकाशातून पडत नाही. ते सहा वर्षांच्या मुलीच्या हाडांत आणि दहा वर्षांच्या मुलाच्या रक्तात साठत जाते, मुठी-मुठीने, घासा-घासाने. ती मूठ कशाने भरायची हे ठरवण्याचा अधिकार आपण कुण्या जाहिरातदाराला दिला होता. तो परत घेण्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.